चार बोटं पाणी

नवं घर घेतलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते, वर जाऊन आलात का? बहुतेकांचा चेहरा कोरा होतो. त्यांनी नळ सोडून बघितलेले असतात, खिडक्या उघडून-लावून बघितलेल्या असतात, ओट्याचा दगड नखानं खरडलेला असतो, आणि शेजारी कोण राहतं हे तर व्यवहाराच्या आधीच काढलेलं असतं. ज्याच्याखाली उरलेलं आयुष्य झोपायचं, ते मात्र कुणी बघितलेलं नसतं. 'ते काय, स्लॅबच आहे की,' म्हणतात.

मी सुकेशनी. परभणीत मला स्लॅबवाल्या ताई म्हणतात. शाळा सातवीपर्यंत, आणि आठवीत चार दिवस. लग्नानंतर स्लॅबच्या दिवशी घमेली द्यायला जायचे. एकदा पाय मुरगळला म्हणून मुकादमानं मला घमेल्यावरून काढून पाणी मारायला बसवलं. नव्या स्लॅबला तीन आठवडे पाणी पाजावं लागतं, बाळंतिणीसारखं सांभाळावं लागतं. ते तीन आठवडे दिवसभर मी गच्चीवर एकटी, हातात नळी, खाली गाव. असे किती तीन आठवडे गेले याचा हिशोब नाही. पाणी कुठं आधी वाळतं, कुठं मागे रेंगाळतं, तळव्याला कुठं टणक लागतं आणि कुठं आतून पोकळ, हे मला कुणी शिकवलं नाही. वर दुसरं बोलायलाच कुणी नव्हतं, म्हणून स्लॅबाचं ऐकत बसले. पुढं आमच्या वस्तीतल्या विहाराचं छत गळायला लागलं, दोन इंजिनिअर बघून गेले, आणि गळणं सापडलं ते मला. तेव्हापासून लोक बोलावतात.

अनंतराव गुरुजींच्या घरी मला बोलावलं ते पद्मजाकाकूंनी, गुरुजींना न विचारता.

ऑक्टोबरची दुपार होती. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि ऊन पुन्हा उन्हाळ्याची नक्कल करत होतं. घर गावाच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये. पलीकडे लगेच कापसाची रानं. दारात साठीच्या, बारीक अंगाच्या काकू उभ्या होत्या. मला आत घेता घेताच हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, कुठून गळायलंय ते सापडलंच पाहिजे. नाहीतर हे गच्चीवर पत्रे टाकणार."

"टाकू द्या की काकू. लय जण टाकतात."

"मग मी आभाळ कुठं बघू?"

लोक मला किती दिवस लागतील विचारतात, किती सिमेंट लागेल विचारतात. हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.

एकतीस वर्षं या बाई भाड्याच्या घरात राहिल्या होत्या. पाच घरं, पाचही तळमजल्याची. वर मालक. डोक्यावर कायम दुसऱ्याच्या घरातल्या पायांचे आवाज, आणि गच्चीची किल्ली मालकिणीच्या कमरेला. पापड वाळवायचे तर आधी विचारायचं, मग वाळवायचे, मग त्यातले चार खाली देऊन यायचे. जानेवारीत हे तयार घर घेतलं, तर पहिल्या संध्याकाळी काकूंनी चूलबिल काही न बघता वर जाऊन चटई टाकली आणि आडव्या झाल्या. तेव्हापासून रोज, दिवेलागणीच्या आधी तासभर.

"काय करता वर?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या लाजल्या. "वर कुणी नाही, हे बघते."

तेवढ्यात गुरुजी आले. उंच, मोठ्या हाडापेराचे, चष्मा नाकावर घसरलेला. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मला बघून त्यांना सगळं समजलं, पण रागावले नाहीत. "या ताई. बघून घ्या," म्हणाले. "पण मी योगीराजला शब्द दिलाय. पुढचा सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी तो माल घेऊन येतोय. गळणारं छत डोक्यावर घेऊन मी झोपू शकत नाही."

"यांचं लहानपण माळवदात गेलं, मातीच्या छताखाली," काकू म्हणाल्या. "राणीसावरगावला. पावसाळाभर घरात भांडी मांडलेली. थेंब पडला की हे अजून अंथरुणात उठून बसतात."

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात छताला डाग होता. जेवणाच्या ताटाएवढा, कडेला पिवळा, मध्ये खाराच्या पांढऱ्या मिशा फुटलेल्या. स्टुलावर चढून मी तळहात लावला. थंड. पंधरा दिवस पाऊस नाही आणि अजून ओल.

"टाकी गळत असेल, असं मला वाटलं होतं," गुरुजी म्हणाले. "तीन दिवस रिकामी ठेवून बघितली. फरक नाही."

"पेन्सिल हाय का?"

मी डागाच्या कडेनं रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. रेघेबाहेर गेला तर अजून पाणी येतंय, आत आला तर वाळतोय. एवढंच. पण गुरुजी एकदम खुलले. "निरीक्षण," असं स्वतःशी म्हणाले, आणि स्टूल घट्ट धरून उभे राहिले.

पाणी जिथून शिरतं तिथं टपकत नाही, हे नव्या घरवाल्यांना समजावताना माझा अर्धा जन्म गेला. पाणी आत शिरतं आणि मग हिंडतं. अनोळखी घरात पाहुणा उठून संडास शोधतो तसं, या भिंतीशी, त्या सळईशी, चाचपडत. सापडली वाट की खाली उतरतं. म्हणून डागाच्या बरोबर वर खोदणाऱ्याला काही सापडत नाही.

आम्ही वर गेलो तर योगीराज आधीच तिथं होता. पत्र्याची शेडं करणारा, पस्तिशीचा, तोंडानं फटकळ आणि मनानं बरा. मापं घ्यायला आला होता.

"ताई, तुमी आलात मंजे आमची सुट्टी का काय?"

"तुझं तू कर बाबा, माझं मी करते."

"माझं सोपं हाय. पत्रा टाकला की गळणं बंद, बघणं बंद, फिकीर बंद."

"अन् वारा सुटल्यावर?"

"पत्रा वाजतो. घरबसल्या गाणं ऐकायचं."

जिन्यातून काकूंचा आवाज आला, "अन् पत्र्याखाली पडून मी बघू काय? नटबोल्ट?"

"काकू, निळा पत्रा टाकतो ना. हुबेहूब आभाळ."

"त्यात ढग कोण भरतं, तू?"

योगीराजनं कान पकडले आणि हसत खाली उतरला. गुरुजी हसले नाहीत. कठड्याशी उभे राहून ते बोटांनी सिमेंट चाचपत होते.

गच्ची सुंदर होती, हे सांगायलाच पाहिजे. बांधणाऱ्यानं वर फुटक्या चिनी फरश्यांचे तुकडे बसवले होते. सगळे पांढरे, आणि मध्येच कुठंतरी एका तुकड्यावर अर्धं निळं फूल, दुसऱ्यावर एक पान, तिसऱ्यावर नुसता देठ. मी चपला काढल्या आणि चालायला लागले. हातात गोटा. चार पावलं चालायचं, वाकून ठोकायचं. चांगली जागा टण् वाजते. सुटलेली जागा भद् वाजते, ओल्या मडक्यासारखी. सगळी गच्ची टण् वाजली. उतार बरोबर, टाकीचा ओटा पक्का, कुठं पिंपळाचं रोप नाही. पाणी वाहून जायचा पाईप कोपऱ्यात होता. त्यात तांब्याभर पाणी ओतलं तर गेलं, पण कुरकुरत गेलं. पश्चिमेच्या कठड्याला टेकून काकूंच्या कुंड्यांची रांग होती, टाकीच्या ओट्यामागून थेट पाईपापर्यंत. ऊन कलायला आलं तरी मला काही सापडलं नाही.

"उद्या दव असताना येते," मी म्हटलं.

"दवाचं काय?" गुरुजींनी विचारलं.

"दव सगळ्यांवर सारखं पडतं. उठून मात्र सारखं जात नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी वर होते. त्या वेळी परभणी निराळीच दिसते. धुक्यात घरं नसतात, नुसत्या गच्च्या असतात, आणि त्यांवर काळ्या टाक्या म्हशींसारख्या रवंथ करत बसलेल्या. स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला, तोही पाण्यातून आल्यासारखा. रानातून उडालेला कापूस कठड्यावर येऊन बसला होता. एक पुंजका माझ्या पायाशी आला, थबकला, आणि काही काम आठवल्यासारखा निघून गेला. मी मधोमध बसले. असं बसलं की मला वाटतं, खालची सगळी माणसं माझ्या अंगाखाली झोपली आहेत, त्यांचे श्वास स्लॅबातून वर येतायत, आणि मी हलले तर कुणाचं तरी स्वप्न कूस बदलेल. कधी कधी डोळा लागतो. त्या दिवशीही लागला असावा, कारण डोळे उघडले तेव्हा ऊन आलं होतं आणि दव उठत होतं. फरशीचे तुकडे एकेक करून कोरडे होत गेले, देठ, पान, अर्धं फूल. सगळी गच्ची वाळली. फक्त कुंड्यांच्या मागची विताएवढी पट्टी तशीच ओली राहिली, मिटलेल्या डोळ्यासारखी.

मी उठून कुंड्या सरकवायला लागले.

बांधणाऱ्यानं तीन बाजूंना कठड्याच्या पायाशी सिमेंटची गोलाई दिली होती, पाणी कोपऱ्यात थांबू नये म्हणून. चौथ्या बाजूला, टाकीचा ओटा आडवा येतो म्हणून, आळस केला होता. तिथं कठडा आणि गच्ची यांच्यात करंगळी जाईल एवढी फट राहिली होती. आणि ती फट कुणीतरी मातीनं भरली होती. नुसती भरलीच नव्हती, तिच्यावर पाईपापर्यंत चांगला हातभर रुंद थर दिला होता, चोपून.

पांढरी माती.

आता परभणीत माती म्हणजे काळी. वारा आणतो ती काळी, चपलेला येते ती काळी, कुंडीतलीही काळी. पांढरी माती आपण होऊन गच्चीवर चढत नाही. ती जुन्या गावठाणातून आणावी लागते. ही माती मला चांगली ओळखीची होती. माझी आई पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्यांच्या माळवदावर हीच चढवायची, टोपल्यानं, शिडीवरून. खारट माती, तिच्यावर गवत उगवत नाही, पाऊस पडला की ती घट्ट बसते आणि खालचं घर राखते. मातीच्या घरावर मातीचं पांघरूण, चांगलंच होतं. पण स्लॅबला ते कशाला? इथं ती माती पाऊसभर पाणी पिऊन बसली, अर्धी वाहून पाईपात गेली आणि पाईपाला दमा जडला. उरलेली ओल त्या फटीतून हळूहळू आत, मागच्या खोलीत.

मी अजून एक कुंडी सरकवली आणि तिथंच थांबले. कुंडीखाली पावसापासून वाचलेल्या थरावर हात उमटले होते. एकाशेजारी एक, रांगेनं, पाची बोटं पसरून दाबलेले. लहान मूल झोपेपर्यंत थोपटतात तसे. एका ठशावर मी माझा हात ठेवून बघितला. बोटांच्या वर दोन पेरं जागा उरली.

मी जिन्यात जाऊन हाक मारली, "गुरुजी, जरा वर येता का? काकूंना चहा करू द्या."

ते आले, सरकवलेल्या कुंड्या बघितल्या, आणि टाकीच्या ओट्यावर बसले. चष्मा काढून पुसायला लागले.

"कधी टाकली?" मी विचारलं.

"मे महिन्यात. ही पोखर्णीला गेली होती, नृसिंहाच्या दर्शनाला. बहिणीकडे राहणार होती एक दिवस." त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "सकाळच्या बसनं राणीसावरगावला गेलो. दोन पोती भरून आणली. रिक्षावाल्याला सांगितलं, बी-बियाणं आहे. टाकून झाल्यावर कुंड्या परत होत्या तशा मांडल्या."

मला हसू आलं, ते मी पाठ वळवून कुंडीला दिलं.

"ताई, तुम्हाला वाटेल हा माणूस चौतीस वर्षं काय शिकवत होता. मला स्लॅब म्हणजे काय ते कळतं. सिमेंट कळतं. पण ज्येष्ठ जवळ आला आणि मला झोप लागेना. वडील दरवर्षी वर जायचे. माती टाकून खाली आले की हात धुवायच्या आधी म्हणायचे, आता पडू दे. मग आम्ही झोपायचो. मला नुसतं एकदा तसं म्हणायचं होतं. आता पडू दे."

"म्हणालात का?"

"म्हणालो. आणि ऑगस्टमध्ये गळलं." त्यांचा आवाज उतरला. "मी माझ्याकडून सगळं केलं होतं. तरी गळलं. मग या छतावर भरवसाच राहिला नाही."

मी त्यांना खुरपं दिलं. म्हटलं, "ही तुमी टाकली, तुमीच काढा. मी पाईप बघते. अन् काकूंना सांगायचं का न्हाई, ते तुमचं तुमी बघा. मी फक्त छताचं सांगते, माणसांचं न्हाई."

त्यांनी खरवडायला सुरुवात केली. हात मातीतून एकेक करून निघून गेले. चहा घेऊन काकू वर आल्या तेव्हा गुरुजी गुडघ्यावर बसलेले, कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, बस, पोती, बी-बियाणं, सगळं. मला वाटलं काकू हसतील.

काकूंनी कपबशी कठड्यावर ठेवली. "म्हणजे पाणी तुम्ही आणलं," त्या म्हणाल्या, "अन् आभाळ माझं काढायला निघालात?"

"तसं नाही पद्मजा—"

"मला एकदा विचारायचं होतं. मी म्हणाले असते ना तुमच्यासोबत, आता पडू दे."

आणि खाली गेल्या. चहा तसाच राहिला. त्याच्यावर साय धरली, सायीवर कापसाचा एक धागा येऊन बसला.

गुरुजी म्हणाले, "योगीराजला मात्र मी नाही म्हणणार नाही. खात्री झाल्याशिवाय नाही. फट बुजवून झाल्यावर गळणार नाही, हे कोण सांगणार?"

"पाणीच सांगंल," मी म्हटलं.

फट साफ केली, खारानं सुटलेलं सगळं खरवडून धुतलं. सिमेंटात पाणी अडवणारं औषध कालवून चौथ्या बाजूलाही गोलाई दिली, आणि पाईपाच्या तोंडाशी नवी जाळी बसवली. मग आठवडाभर त्या गोलाईला पाणी पाजायचं. ते काम गुरुजींनी मागून घेतलं. ओली पोती पसरून सकाळ, दुपार, संध्याकाळ ते तांब्यानं पाणी घालत. काकू संध्याकाळी वर येत, पण चटई दुसऱ्या टोकाला टाकत. मधल्या आठवड्यात मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा मला वाटलं, या गच्चीवर दोन गावं आहेत, आणि मध्ये बस नाही. खालच्या खोलीतला डाग मात्र रेघेच्या आत आत सरकत होता. तारखा वाढत गेल्या, ताटाची वाटी झाली.

शनिवारी सकाळी मी पाईपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा बसवला, जिन्याच्या वरच्या पायरीशी मातीचा बांध घातला, आणि बोअर सुरू केला. गच्चीत पाणी भरायचं, चार बोटं, आणि दोन दिवस खाली बसून छताकडे बघायचं. छताची यापेक्षा खरी परीक्षा मला माहीत नाही.

पाणी आधी उतारानं कोपऱ्यात गेलं, मग मागे फिरलं आणि तुकड्या-तुकड्यावरून सरकत आलं. अर्धी फुलं बुडाली. बुडल्यावर ती हलायला लागली, देठ पानाकडे निघाला, पान फुलाकडे. दुपारपर्यंत गच्ची दिसेनाशी झाली. तिथं नुसतं एक दुसरं आभाळ होतं, कठड्यानं चारी बाजूंनी धरून ठेवलेलं. एक ढग पश्चिमेच्या भिंतीतून आत आला, टाकीला वळसा घालून पूर्वेकडून निघून गेला. साळुंक्या आल्या, कडेला उभ्या राहून आपल्याच चोचीला चोच लावून गेल्या. कापूस पाण्यावर उतरत होता. तो बुडत नव्हता, उडतही नव्हता. मला मधल्या मध्ये कळेना, मी घराच्या वर बसले आहे की आभाळाच्या. काकू शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, बांधाच्या अलीकडे. त्या दिवशी त्यांना मान वर करावी लागली नाही.

मी बोळ्याच्या शेजारी कठड्यावर पाण्याच्या पातळीची खूण केली आणि घरी गेले.

रविवारी सकाळी सातलाच गुरुजींचा फोन. "ताई, या. पाणी उतरलं."

मी पोहोचले तर ते खुणेकडे बोट दाखवून उभे. पाणी खुणेखाली गेलं होतं. फार नाही, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. पण गेलं होतं.

"गेलं म्हणजे कुठंतरी गेलंच ना?" गुरुजी म्हणाले. चेहरा रात्रभर जागल्यासारखा. "योगीराजला फोन करतो, उद्या नक्की ये म्हणून सांगतो."

काकू पायरीवरच होत्या. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले होते.

मी खाली जाऊन बघून आले. छत कोरडं होतं, डाग कालच्या एवढाच. पण आज कोरडं म्हणजे उद्याही कोरडं, असं मी गुरुजींना कशाच्या जोरावर सांगणार? "थोडं ऊन पितं, थोडं वारा नेतो," मी म्हटलं.

"थोडं म्हणजे किती?" गुरुजी एकदम म्हणाले.

आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सापडलं. ते तसेच खाली गेले, स्वयंपाकघरात भांडी वाजली, आणि पितळेची मोठी परात घेऊन वर आले. पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन ती उन्हात ठेवली, चार बोटं भरली, आतून पेन्सिलीनं खूण केली. कठड्यावरही आत्ताच्या पातळीची नवी खूण केली. "परात गळत नाही, हे तर सगळ्यांना मान्य आहे?" त्यांनी विचारलं. वर्गात विचारतात तसं, आम्हा दोघींकडे बघत. "उद्या सकाळी परातीत जेवढं कमी, तेवढंच गच्चीत कमी असेल, तर ते सूर्यानं नेलं. त्याहून जास्त असेल, तर छतानं."

"हो सर," काकू म्हणाल्या. दहा दिवसांत त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द असावा. गुरुजी पाण्यातच थबकले.

सोमवारी मी गेले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. वर पाईप आणि निळे पत्रे. योगीराज चालकाशी बोलत होता. मला बघून म्हणाला, "ताई, निकाल काय लागला?"

"अजून पेपर तपासायचाय," मी म्हटलं आणि वर गेले.

गुरुजी परातीशी ओणवे होते. हातात शाळेची पट्टी. परातीतलं पाणी मोजलं. उठले, पाण्यातून चालत कठड्याशी आले, ती खूण मोजली. परत परातीशी गेले, परत मोजलं. त्यांच्या चालण्यानं सगळ्या आभाळाला लाटा येत होत्या. काकू पायरीवर बसलेल्या, पाय बांधापलीकडे पाण्यात सोडून. एकतीस वर्षं त्या गच्चीसाठी विचारत आल्या होत्या, आज विचारणार नव्हत्या.

"सारखं आहे," गुरुजी म्हणाले. "परातीत तीन मिलिमीटर. इथं तीन मिलिमीटर."

"अन् खाली?"

"पहाटेपासून चार वेळा बघितलं. कोरडं."

खालून हाक आली, "गुरुजी, माल उतरवू का?"

गुरुजींनी काकूंकडे बघितलं. काकू पाण्याकडे बघत होत्या.

"थांब," गुरुजी ओरडले. "तू आधी वर ये. चपला काढून ये."

योगीराज आला आणि जिन्याच्या वरच्या पायरीशीच उभा राहिला. "आयला," म्हणाला. "तळं केलंय की हो."

"दोन दिवस उभं आहे. खाली थेंब नाही."

"मग पत्रे?"

"जिन्यावर टाक. जिना उघडाय, तिथं पावसाचं पाणी येतं. एवढंच. बाकी काही नको."

"एवढ्याशा जिन्याला मी टेम्पो भरून आणला व्हय?"

"निळा टाक," काकू म्हणाल्या. "त्याच्यावर ढग काढून दे." आणि मग त्या हसल्या. हसता हसता तोंडावर पदर धरला, खांदे हलत राहिले. योगीराजही हसला, डोकं खाजवत परत फिरला. खाली चालकाला त्यानं काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. टेम्पो मात्र बराच वेळ तिथंच उभा होता, काकूंनी दोघांना पोहे खायला थांबवलं म्हणून.

मी बाह्या सारल्या आणि बोळा काढायला कोपऱ्याकडे निघाले. काकू म्हणाल्या, "ताई, आज राहू द्या. संध्याकाळपर्यंत. चालतं का?"

स्लॅबला पाण्यानं काही होत नाही, उलट बरंच वाटतं त्याला. "चालतं," मी म्हटलं. "पण उद्या नक्की काढायचं. अन् दर पावसाळ्याच्या आधी वर यायचं, जाळी साफ करायची, कुंड्या सरकवून बघायचं, गोलाईला चीर गेली का हात फिरवून बघायचं. दोघांनी."

"दोघांनी," गुरुजी म्हणाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यातून पायरीकडे येत होते, जपून, जणू तळाशी काहीतरी झोपलेलं आहे. त्यांचे ओले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

काकू पायरीवर थोड्या सरकल्या.